ब्रेक चांगले होते, संपत

काल तुझा दहावा झाला. नदीवर माणूस मावत नव्हतं. लोक पिंडापासून मागे सरायच्या आतच कावळा शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि एकमेकांना म्हणाले, संपतची काही इच्छा मागं राहिलेली नाही. मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. तरी उभ्या जागी माझं डोकं फिरलं. तुझी नसेल राहिली. माझी राहिलीय.

मग भाषणं झाली. आपल्याकडे दहाव्याला माइक असला की पुढाऱ्यांना दम धरवत नाही. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "बैलगाड्याच्या घरात जन्माला आला आन् मोटारीच्या शर्यतीत उतरला. असा गडी निमगाव साव्यात दुसरा झाला न्हाई. ब्रेकनं दगा दिला, न्हाईतर त्या दिवशी नंबर आपलाच व्हता." लोकांनी माना हलवल्या. त्यातल्या काही माना हळूच माझ्याकडं वळल्या. मी पाण्याकडं बघत राहिलो. त्या गाडीचे ब्रेक मी केले होते.

आज गॅरेजचं शटर मी वर केलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटत असेल, दोस्त गेला, मिलिंद दुःखात आहे. आहेच दुःखात. जेवण जात नाही. पण शटर खाली आहे ते दुःखानं नाही, रागानं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. हे ज्यानं ठरवलं, त्याला तुझ्यासारखा मित्र भेटलेला नसणार.

जुन्नरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात आपण एका बाकावर आलो. मी खोडदचा, तू निमगाव साव्याचा. तू शिकायला आलाच नव्हतास, इंजिनाचा वास घ्यायला आला होतास. मास्तर फळ्यावर गिअरबॉक्स काढायचे आणि तू मला विचारायचास, "मिल्या, ही समदी काढून टाकली तर गाडी किती हलकी व्हईल?" वर्ष पुरं व्हायच्या आत तू पळालास. मी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलो आणि गॅरेजला जागा शोधत फिरायला लागलो. रस्त्याकडेची जागा आमच्या माणसाला कोण देतो? कुणी नाही म्हणत नसे, पण जागा मिळत नसे. एक दिवस तूच मला मोटारसायकलवर बसवून तुमच्या शेताच्या बांधाला घेऊन गेलास आणि पायानं जमिनीवर रेघ मारलीस. "हितनं तितवर तुझं." तुझे चुलते महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. तू म्हणालास, बरं झालं, शांतता हाय.

हे मी विसरलेलो नाही. चौदा एप्रिलला आमच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावलेली पहिली जीप तुझी असायची, आणि ती चालवायला तू दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. बुद्धपौर्णिमेची खीर खायला तू न बोलावता यायचास आणि पातेलं खरवडून जायचास. हे सगळं आहे म्हणूनच तर राग जात नाही. परक्यानं तसं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तुमच्या घरातलं खूळ म्हणजे बैलगाडा. आजोबांचं, वडिलांचं. तुझे वडील घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, गाडा पळवायचे तेव्हा मावशी, म्हणजे तुझी आई, घरी असायची. घाटात बायका जात नसत. बैलांना उन्हाळी खुराक तिनं घालायचा, अंग तिनं चोळायचं, निघताना कपाळाला भंडारा तिनं लावायचा, आणि मग दारात बसून वाट बघायची. लांबून हलगी ऐकू आली की नंबर आला, नाही आली की चूल पेटवायची. ज्या बैलांना तिनं पोसलं, ते पळताना तिनं आयुष्यात पाहिले नव्हते. हे तू मला एकदा सांगितलंस, गाडीखाली आडवा पडून, पान्हा मागता मागता. मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. पण पुढं जे झालं, ते समजून घ्यायला हेच ध्यानात ठेवावं लागतं.

वडील गेल्यावर बैल गेले आणि तू ती जुनी जीप आणलीस. पुण्याच्या कुणा हौशी मंडळींनी मंचरच्या पुढं पडीक माळावर मातीचा गोल ट्रॅक आखला आणि जाहीर केलं, की एक शर्यत स्थानिक गाड्यांचीही होणार. त्या दिवसापासून तू माणसात राहिला नाहीस. जीपचं टप काढलं, मागची बाकडी काढली, पुढची काचसुद्धा उतरवली. म्हणालास, काचंचं वजन कशाला? मी म्हणालो, धूळ तोंडावर येईल. तू जुन्नरच्या बाजारातून एक गॉगल आणलास, मोटारसायकलवाले घालतात तसला, आणि दिवसभर डोळ्यांवर लावून गावात हिंडलास.

सराव कुठं करायचा? खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या बाजूचा कच्चा रस्ता मोकळा असायचा. आपण दोन फेऱ्या मारल्या की वॉचमन काठी घेऊन यायचा. "ए भाऊ, पेट्रोलची गाडी हिकडं नका आणू. तिच्या ठिणगीची दुर्बिणीत खरखर येती." तू त्याला विचारलंस, "मग तारे पण आमचं ऐकत असतील न्हाई?" तो बिचारा हसला आणि तरीही हाकललंच त्यानं.

तेव्हाच मी तुझी खोड पाहिली. तू बाजूला बघायचासच नाहीस. घाटात गाडा एकटा पळतो. पुढं घोडी, मागं गाडा, शेजारी कुणी नाही. भांडण असतं ते घड्याळाशी. तुझ्या रक्तात तीच शर्यत. मी घसा फोडून सांगायचो, "संपत, हितं समदे एकदम सुटणार हायत. शेजारी गाडी असणार हाय." तू म्हणायचास, "असूदे की. तिची तिला."

ब्रेकचं मात्र तू माझ्यावर सोडलंस. चारही चाकं मी उघडली. शू नवे टाकले, सिलिंडर बदलले, आणि तू सीटवर बसून पेडल मारत होतास तेव्हा मी खाली पडून नळीतली हवा काढत होतो, बुडबुडा येईनासा होईपर्यंत. मग आपण त्या उतारावर गाडी नेली, तुमच्या विहिरीपाशी. तू जोरात आलास आणि पाय दाबलास. गाडी जागच्या जागी थांबली आणि तुझं नाक स्टिअरिंगवर आपटलं. नाक चोळत तू म्हणालास, "मिल्या, तुझ्या हातात जादू हाय राव." हे वाक्य तू म्हणालास. विहीर साक्षीला आहे, दुसरं कुणी नाही, हीच तर पंचाईत.

शर्यतीच्या दिवशी मावशी येणार म्हणून हटून बसली. "मोटारीच्या शर्यतीला बायका चालत्यात का?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, पुण्याच्या बायका टोप्या घालून खुर्चीवर बसतात म्हणे. तर म्हणाली, "मग मी बी येती. टोपी नको मला." नवं लुगडं नेसून ती माझ्याबरोबर माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली. कमरेला पिशवी होती. निघताना तिनं तुझ्या कपाळाला, जीपच्या बॉनेटला, चारही टायरना भंडारा लावला. बैलाला थोपटावं तसं बॉनेटला थोपटलं. तू तिच्याकडं बघून हसलास. म्हणालास, "आई, बैल न्हाईत गं, बुजणार न्हाईत."

ट्रॅकवर दोरी बांधलेली होती, वळणावर जुन्या टायरांच्या राशी होत्या, आणि माइकवर घाटातलाच ओळखीचा बोलणारा आणून बसवला होता. गाड्या सुटल्या आणि त्यानं सवयीनं "भिर्रर्र" केलं. पुण्याची मंडळी दचकली, आपली माणसं खूष झाली. मावशी आणि मी दुसऱ्या वळणाच्या अलीकडं दोरीला टेकून उभे होतो. पहिल्या फेरीत तू तिसरा होतास. मावशीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतत होती. "पळतंय रं," ती एवढंच म्हणत होती. "पळतंय बघ."

दुसऱ्या फेरीत तू दुसरा झालास. एक पांढरी गाडी तुझ्या अंगाला अंग लावून येत होती. वळणाच्या जरा आधी तू आम्हाला पाहिलंस, आणि एका हातानं गॉगल कपाळावर सारलास. कशासाठी? आईला तोंड दिसावं म्हणून. सगळी शर्यत एकीकडं आणि तुझं थोबाड एकीकडं. मी ओरडलो, पुढं बघ म्हणून. त्याच वेळी मावशीचा हात पिशवीतून वर आला. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, पळून आली की माणसं गाड्यावर भंडारा उधळतात, हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. उधळलेला कधी पाहिला नव्हता. तिनं मूठ भरून टाकला. वारा आमच्या पाठीवरचा होता. काच नसलेल्या जीपमध्ये सगळी मूठ तुझ्या उघड्या डोळ्यांत गेली.

मग धूळच दिसली आणि आवाज झाला. धुळीत बघितलं तेव्हा पांढरी गाडी गिरकी घेऊन पुन्हा मार्गाला लागत होती, आणि तुझी जीप टायरांच्या राशीत तोंड खुपसून उभी होती. मी दोरीखालून धावलो. तू स्टिअरिंग धरून बसला होतास, डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पिवळं पाणी वाहत होतं.

"लागलं का रं?"

"न्हाई. डोळ्यात गेलं."

"थांब, पाणी आणतो. इंजान चालू हाय. मडगार्ड चाकाला लागलंय, तेवढं वढतो."

तू मिटल्या डोळ्यांनीच विचारलंस, "आईनं टाकला?"

"मग काय मी टाकला?"

एवढ्यात झेंडेवाला पोरगा धावत आला आणि हिंदीत विचारू लागला, काय झालं म्हणून. तू डोळे पुसलेस, माझ्याकडं बघितलं नाहीस, आणि म्हणालास, "ब्रेक नहीं लगा."

जन्मात तू धड हिंदी बोलला नाहीस संपत. एकदाच बोललास ते खोटं बोलायला.

मी पहार घालून मडगार्ड उपटलं. चाक मोकळं झालं. चार तांबे पाणी तुझ्या तोंडावर मारलं. तुझे डोळे लाल होते पण उघडत होते. अजून बऱ्याच फेऱ्या बाकी होत्या. मी म्हणालो, पळव. तू मान हलवलीस. "आता कशी पळवू? ब्रेक न्हाईत म्हणालोय न्हवं." माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. शर्यत टकरीनं गेली नव्हती, तुझ्या तोंडातल्या तीन शब्दांनी गेली होती. पुढच्याच वळणावर ब्रेक लागताना सगळ्यांनी पाहिले असते. माइकवर तो ओरडला, "निमगाव सावा, गाडी नंबर अकरा, रिटायर." आणि तू गाडीतून उतरलास.

मावशी लुगड्याचा काठ सावरत धापा टाकत आली. तुझं तोंड दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिलं. "काय झालं रं लेका?"

"ब्रेक, आई. लागलंच न्हाईत."

तिनं मग माझ्याकडं बघितलं. शिवी दिली नाही, ओरडली नाही. नुसतं बघितलं आणि पदरानं तुझं तोंड पुसायला लागली. तो पदर पिवळा झाला, तो तिनं पाहिला, आणि त्यातून तिला काही कळलं नाही. भंडारा अंगावर पडायचाच असतो की.

ब्रेक नाहीत म्हणून जीप तिथंच ठेवून वडापमधून परत येताना तिनं तुला विचारलं, "रिटायर म्हंजी पेन्शन देत्यात का?" सगळी गाडी हसली, तूही हसलास. मी नाही हसलो. गावानं मग तुला रिटायरशेठ करून टाकलं. तुला त्याचं काही वाटलं नाही. कट्ट्यावर बसून तू रंगवून सांगायचास, पेडल कसं खालपर्यंत गेलं, पाय कसा रिकामा पडला. इतक्यांदा सांगितलंस की मला कधी कधी शंका यायची, तुझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला की काय.

आणि माझं काय झालं, ते तू कधी विचारलं नाहीस. नारायणगाव रस्त्यावरचे वडापवाले माझ्याकडं यायचे. त्यांनी येणं बंद नाही केलं. ते चांगले लोक होते. फक्त म्हणायला लागले, "मिलिंदभाऊ, क्लच बघा, ऑइल बदला. ब्रेकचं ऱ्हाऊद्या, ते आमी नारायणगावला करतो." पारावर एक म्हातारा माझ्या समोर म्हणाला, "ज्याचं काम त्यानं करावं." कुणाचं काम कुठलं, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. संपत, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात काम झालं असतं, तर लोक म्हणाले असते, जुनी गाडी, व्हायचंच. माझ्या बाबतीत चूक माझीच हे पटायला त्यांना एका चहाएवढा वेळ पुरला.

मी तुला हे सांगितलं तर तुझा उपाय काय? दुसऱ्या दिवशी भर चौकात मोठ्यानं जाहीर केलंस, "माझ्या गाडीचं ब्रेक आजबी मिलिंदच करणार. दुसऱ्याचा हात लागू देणार न्हाई." लोक तुला मोठ्या मनाचा म्हणाले. ज्यानं शर्यत घालवली, त्यालाच काम देतो, याला म्हणतात माणूस. मी कपाळाला हात लावला. आगीत तेल ओतून वर तू माझ्याकडं शाबासकीच्या आशेनं बघत होतास.

किती वर्षं भांडलो आपण. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी भांडलो. माझ्या पोरीच्या बारशाला भांडलो, पाळण्याच्या दोरीला धरून. तुझं म्हणणं एकच. "मिल्या, तिनं जन्मात एक शर्यत बघितली. एकच मूठ टाकली. तिला सांगू, तुझ्या मुठीनं माझी शर्यत गेली? ती जेवायची न्हाई रे परत." मी म्हणायचो, तिला नको सांगू, गावाला तर सांग. तू म्हणायचास, गावाला सांगितलं म्हणजे तिला सांगितलंच की. मी म्हणायचो, मग दुसरं काहीतरी सांग. गॉगल वर केला, चूक माझी, असं सांग. ते खरंही होतं. त्यावर तू जरा विचार करायचास आणि म्हणायचास, "आता कसं बदलू? लोक म्हणतील, तवा का न्हाई बोलला." तुझ्या अकलेचं मी काय करू?

एकदा मात्र मी खरोखर चिडलो. वडापवाल्यांपैकी एकानं माझ्या तोंडावर म्हटलं होतं, तुझ्या ब्रेकवर पोरंबाळं कशी बसवू. मी तसाच ग्रीसच्या हातांनी तुमच्या मळ्यात आलो. तू कांद्याला पाणी धरत होतास. मी म्हणालो, "तू आईला वाचवलंस, ठीक हाय. पर कुणाच्या जिवावर वाचवलंस, ते बघितलं का कधी? तुझ्याकडं देण्यासारखं व्हतं ते तू न्हाई दिलंस. माझं व्हतं ते दिलंस. मला इचारलं पण न्हाई." तू फावडं टेकवून उभा राहिलास. पाणी एका वाफ्यातून फुटून भलतीकडं चाललं होतं, तेही तू अडवलं नाहीस. मग म्हणालास, "हे माझ्या ध्येनातच आलं न्हाई रे."

मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालास, "आई गेली की सांगू. मी सोता माइक घेऊन गावाला सांगतो. तवर दम खा."

दम खाल्ला. काय करणार? एका परीनं आपण दोघं मावशीच्या मरणाची वाट बघत बसलो होतो, आणि मावशी टुणटुणीत. दरवर्षी हुरड्याला तिच्या हातची चटणी खाताना मला स्वतःची लाज वाटायची आणि तुझा राग यायचा. ती वाढताना म्हणायची, "खा रं मिलिंदा, लाजतो काय?" तिच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, असं मी धरून चाललो होतो.

तुझं पोट दुखत होतं ते तू अंगावर काढलंस. गाडीचा जरा आवाज बदलला तर माझ्याकडं पळत यायचास, आणि स्वतःच्या शरीराचं चार महिने कुणाला सांगितलं नाहीस. दवाखान्यात मी आलो तेव्हा तू पिवळा पडला होतास, अगदी त्या दिवशीसारखा. मी तसं म्हणालोसुद्धा. तू हसलास. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी म्हणालो, "संपत, एकाला तरी सांग. वहिनींना सांग. कुणालातरी." तू माझ्या हातावर हात ठेवलास. हातात जोर नव्हता. "बरा व्हतो रं. मग बघू." आणि मग विचारलंस, "जीप चालू करून ठेवतो का अधनंमधनं? बॅटरी उतरंल."

हे तुझं शेवटचं बोलणं. बॅटरी उतरंल.

मी तिथं अजून जोर करायला हवा होता, असं लोक म्हणतील, पण मरणाऱ्या माणसाकडून कबुली कोण काढतो? मी म्हणालो, ठेवतो. ठेवलीही. कालच चालू करून आलो.

आता कालचं ऐक. तू तिथं नव्हतास, आणि जिथं असायला हवं तिथं नसणं ही तुझी आता सवयच होणार आहे. नदीवरून माणसं तुझ्या घरी आली. पडवीत चुलते बसले होते, चेअरमन होते, वडापवाले दोघंतिघं होते, म्हणजे ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे होते. मी बाहेर चपला घालून निघालो होतो. मावशीनं आतून हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती. मला समोर बसवलं.

"मिलिंदा, तुला ती शर्यत आठवती?"

मी हो म्हणालो.

"मी सारखी तीच बघती, डोळं मिटलं की. त्याचे बाप इतकी वर्षं गाडं पळवीत व्हते, मला कधी कुणी नेलं न्हाई. ह्यानं नेलं. आन् मला बघून त्यानं चष्मा वर केला रं. एवढ्या पळत्या गाडीत. हसला माझ्याकडं बघून. मी मूठ टाकली ती वाऱ्यानं गेली न्हाई, सगळी त्याच्या अंगावर पडली. पिवळाधमक झाला. माझ्या हातनं देवाचं येवढं एकच झालं बघ. ते बघितलं, आता मला काय न्हाई मिळालं तरी चालतंय."

ती रडत नव्हती. बोलताना तिचा हात तसाच वर गेला होता, मूठ उघडून. संपत, मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, पण तू काय वाचवत होतास, ते मला काल दिसलं. तू ते मला नीट सांगायला पाहिजे होतंस. तुला सांगता येत नव्हतं. तुला फक्त "ती जेवायची न्हाई" एवढंच सांगता यायचं.

मग तिनं तो हात खाली आणला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. पडवीतली माणसं आत बघत होती. तिनं मुद्दाम आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तिला वाटलं असणार, या पोरावर आपण उपकार करतोय, चार माणसांत त्याला मोकळं करतोय.

"आज चेरमन बोललं ते तू मनाला लावून घिऊ नको. ब्रेक कुणाच्याबी हातनं चुकतो. माझ्या मनात व्हतं, खोटं कशाला बोलू, लई वरसं व्हतं. संपतला बोलली न्हाई, तुला बोलली न्हाई. पर आता पोरगं गेलं. आता मनात ठिवून काय करू? मी तुला माफ केलं बाबा."

एक वडापवाला खाली बघायला लागला. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. इतकी वर्षं तयार होतं, शब्दन् शब्द. विहिरीपाशी आपटलेलं नाक, नळीतला शेवटचा बुडबुडा, गॉगल, वारा, सगळं. एक तोंड उघडलं असतं तर माझं नाव परत आलं असतं, पोरीला उद्या कुणी ब्रेकवाल्याची पोर म्हणून चिडवलं नसतं. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. ज्या हातानं तिनं मूठ टाकली, तोच.

मी म्हणालो, "चुकलं मावशी माझं."

मोठ्यानं म्हणालो. पडवीपर्यंत ऐकू गेलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला सांगितलं, मिलिंदाला च्या ठेव.

तो चहा मी प्यालो. घरी आलो, आणि तेव्हापासून तुला शिव्या घालतोय. ब्रेक चांगले होते, संपत. हे दोघांना माहीत होतं. आता एकालाच माहीत आहे, आणि त्यानंच काल चार माणसांत सांगितलं की ते वाईट होते. मी आता कुणापाशी ओरडू, कुणाच्या मळ्यात ग्रीसच्या हातांनी जाऊ? तुझी आई माझ्यावर माया करतेय, गाव मला माफ करतंय, आणि माझं काय चुकलं हे विचारायला समोर कुणी नाही.

उद्या शटर वर करीन. तुझी बॅटरीही बघीन. तू फक्त एकदा भांडायला ये.